बिस्किटांचा डबा मी सोबत नेतेय

बाबा,

बाळाला लस द्यायला दवाखान्यात नेतेय. आठ वाजता लॅबवाली ताई तुमचं रक्त घ्यायला येईल. तोवर पाण्याशिवाय काही तोंडात टाकू नका. गेल्या खेपेला छाती ठोकून "कडकडीत उपाशी आहे" म्हणालात आणि मिशीत बिस्किटाचा चुरा! म्हणून डबाच पिशवीत घातलाय, शोधत बसू नका.

डोळे कोरडे पडून खुपतात, त्याचं खापर तुम्ही पंख्यावर फोडलंत. आठ दिवस पंखा बंद ठेवून सगळं घर उकडून निघालं, डोळे होते तस्सेच. डॉक्टर म्हणाल्या, कारणं बरीच असतात, पण साखरही असू शकते. एकदा तपासलेलं बरं. थेंब टेबलावर आहेत. घालताना डोळा उघडायचा असतो, तोंड नाही.

परवा बाळाला कडेवर घेऊन जिना उतरताना तुमची पायरी चुकली, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुम्ही नाही.

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला एका सुईची कसली भीती? तरी वाटलीच, तर घाबरलीय ती आमची सून, असं त्या ताईला खुशाल सांगा. खोटं नाही ते.

सूनबाई