शनिवारचं डुक्कर

झाग्रेब, सोमवार, ६ नोव्हेंबर

प्रिय मातोदादा,

घरातली माणसं आणि आवारातली डुकरं खुशाल आहेत, असं धरून चालतो.

आधी तक्रार. यंदा धाडलेल्या कुलेन सॉसेजात तिखट नावालाही नव्हतं. संस्कृतच्या मास्तरानं मांसावरून भांडू नये हे तुझं जुनं शास्त्र; पण अपमान तो अपमान.

फोनवर कातावहिनींना हेच सांगत होतो, तर मागून तू ओरडलास, "पंडिताला म्हणावं, तिखट हवं तर शनिवारी ये आणि डुक्कर उचल!" आवाज केवढा घोगरा! वहिनी म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून असाच आहे. तंबाखू, दुसरं काय?"

शनिवारी डुकरं कापायला मी येणार नाही. पुढच्या मंगळवारी माझी छाती उघडणार आहेत. हृदयातून निघणारी महाधमनी साडेतीन सेंटिमीटर रुंद असावी, माझी पावणेसहा झाली आहे. फुगलेला भाग कापून तिथं कापडी नळी शिवतील. त्यासाठी शरीर गार करून हृदय थांबवायचं. योग्यांना जन्मभर जे साधत नाही, ते डॉक्टर व्लात्का सकाळच्या कॉफीनंतर करतात. मी सही केली आहे.

त्यांनी विचारलं, "वडील कशानं गेले?"

"हृदयानं. डुक्कर उचलताना."

"नीट सांगा."

सांगितलं. बाबांनी कापलेलं डुक्कर उचलून आकड्याला टांगलं आणि म्हणाले, "पाठीत काहीतरी फाटलं." सगळे हसले. घरच्या कर्त्यानंच उचलायचं, म्हणून दुसरंही त्यांनीच उचललं. आपण दोघांनी त्यांच्या पाठीला राकिया दारू चोळली, उरलेली त्यांना पाजली. जेवणाआधी ते गेले.

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "फाटला तो स्नायू नव्हता, महाधमनी होती; हा दोष घराण्यात उतरतो. भाऊ आहे का तुम्हाला?"

शुक्रवारी सकाळी दहाला तुझी तपासणी ठरवली आहे. हो, तुला न विचारता. पहाटेची गाडी पकड. शनिवारचं डुक्कर शेजारी ट्रॅक्टरनं उचलेल, त्याच्याशी बोललो आहे. गाव हसेल. हसू दे, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो.

माझ्या मंगळवारची भीती आहेच, पण ती चांगल्या हातांत सोपवली आहे. तुझा घोगरा आवाज मात्र कानातून जात नाही. बाईंना तो सांगितला, तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. महाधमनी फुगली की आवाजाची नस दाबली जाते म्हणे.

दादा, मला तुझी काळजी वाटते. बाकी सगळं तिखटामिठाचं होतं.

शुक्रवारी दहाला दवाखान्याच्या दारात उभा असेन,
तुझा स्टिपान