पाऊण इंच

सोम. ५
केतूचा कंप्यूटर परत अडला. पडद्यावर धारच्या लग्नाची वरात मांडवापर्यंत येते नि नवरा घोड्यावर तोंड उघडं टाकून थिजतो. सकाळपासून तीनदा पाहिला. दाढेतली चांदीसुद्धा दिसली.
नवा घ्यावाच लागेल. २५ला पिक्चर दिला नाही तर धारवाले काम तिच्या जुन्या स्टुडिओवाल्याला देणार, नि ही परत त्याच्याच स्टुलावर. दोन वर्षं नातीनं लग्नं कापली-जोडली, शेवटी नाव त्याचं. हे पहिलं काम तिच्या नावाचं.
यादी केली तिनं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, अजून काय काय. वर म्हणे, "आजी, यावर गेमपण मक्खन चालतील." बावीस वर्षांची घोडी, बंदुका खेळते.

गुरु. ८. गुरुपुष्य
माझ्या अन्याला मुहूर्त चावला. आज मशीनचं काहीतरी घरात आलंच पाहिजे. केतू म्हणाली, "बाबा, आधी कार्ड ठरू द्या, डबा मग." बापाला अक्कल शिकवते म्हणून बाप फुगला. संध्याकाळी कॅबिनेट घेऊन आला. काचेचं, आत रंगीत दिवे. बाकी रिकामं, आणणाऱ्यासारखं.
सून बागलीची, धर्माला पक्की. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे नारळ. रिकाम्या डब्याची आरती केली दोघांनी! चाळीस वर्षं शिवणकाम केलं, अंगाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री नाही लावली.

शनि. १०
दुकानात गेलो, मी, अन्या, केतू. दुकानदार सगळं अन्याला सांगतो. "भिया, ये कार्ड देखो, बीस्ट है." अन्या मान हलवतो. त्याला मिक्सरचं झाकण बसवता येत नाही.
केतू विचारते रॅम किती, तो उत्तर देतो अन्याला. दोनदा झालं. मी म्हटलं, "भिया, मशीन ये चलाएगी. इससे बात कर." म्हणे, "अम्माजी, आपके समझ का नहीं है." म्हटलं, "तेरे भी नहीं है, तू तो डब्बे पे लिखा पढ़ रहा है." मग बोलला तिच्याशी. मुकाट्यानं, नीट.
कार्ड तेच मोठं घेतलं. केतू म्हणते धारचं शूटिंग फार भारी आहे, छोट्यावर सरकणार नाही. रॅम तिनं भांडून दुप्पट घेतली. पोरीला भांडता येतं, बरं आहे.

मंगळ. १३
कार्ड डब्यात जात नाही.
मी टेप लावली. आतली जागा सव्वाबारा इंच, कार्ड तेरा. पाऊण इंच! अन्या तिरकं घालून पाहतो, उलटं घालून पाहतो, जसं ते लाजून आखडून बसेल.
डबा परत कर म्हटलं तर नवरा-बायको दोघं उसळली. "पुष्याला आणलेली वस्तू परत करतात का आई?" त्यापेक्षा कार्ड बदलून छोटं आणू म्हणतो. म्हणजे मुहूर्त राहील, काम जाईल.
केतू रडली. रडू दिलं. मग विचारलं, हे सगळं डब्याशिवाय चालतं का गं? नाक पुसत म्हणाली, "चालतं तर."
मग घोडं अडलंय कुठे?

बुध. १४
माझ्या कापायच्या टेबलावर मांडलं. खाली मदरबोर्डचाच खोका, वर सगळा पसारा, कार्ड उभं. चालू करायचं बटण डब्यालाच होतं, म्हणून केतूनं पेचकसाच्या टोकानं बोर्डावरच्या दोन पिना जोडल्या. पंखे फिरले. नवरा घोड्यावरून उतरला एकदाचा.
अन्या जेवला नाही. म्हणे लोक काय म्हणतील, उघडंनागडं मशीन. म्हटलं, डबा ठेव देवघरात, रोज ओवाळ.
टेबल गेलं. इस्त्री, खडू, मी, सगळे ओट्याजवळ. वाफ चालत नाही, धूळ चालत नाही. राणीसाहेब.

शुक्र. २३
पिक्चर झाला. घरात दाखवला, मग धारला पाठवला. बऱ्यापैकी आहे, नवरीची मावशी जरा जास्त घेतली. शेवटी केतूचं नाव येतं, सात सेकंद.

शनि. २४
दुपारी धारवाल्यांचा फोन. काम फस्सक्लास म्हणे. पण "बेटी, आख़िर में नाम उसी स्टूडियो का डाल दो. समाज में दिखाना है, तेरे को कौन जानता है." स्टुडिओवाल्याशी बोलूनसुद्धा घेतलं त्यांनी, त्याची काही हरकत नाही म्हणे. त्याची हरकत नाही!
पैसे तेवढेच देणार. वर काही नाही, पण देणार. अन्या म्हणतो, टाक नाव, पुढचं काम मिळेल. सून म्हणते, मोठी माणसं आहेत.
केतू फोनवर म्हणाली, "सुबह बताती हूँ." नि माझ्याकडे पाहिलं.
मी काय सांगणार. चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, एकावर नाव नाही. लोक म्हणायचे, अमक्या दुकानातनं शिवून आणला. मी गप्प बसायची. शहाणपण वाटायचं तेव्हा.
हे तिला सांगितलं नाही. फोन दोनदा वाजला, तिनं उचलला नाही. मशीनपुढे खुर्चीत बसून आहे, पिक्चरवर नाव अजून तिचंच.