नासाडी शून्य

४ जून
डोकं चक्रावलंय! गोवर कायमचा हद्दपार करायचा, म्हणून लसीचा निधी मी केंद्रांना वाटते. ज्याची नासाडी कमी, त्याला जास्त — नियम सोपा. नदीपलीकडच्या केंद्राची नासाडी शून्य. थेंबही वाया नाही! दरवर्षी शाबासकी. आणि यंदा गोवर झालेली सगळ्यात जास्त मुलं तिथलीच. हे कसं काय बुवा?

५ जून
साहेब म्हणाले, "आकडे चुकले असतील." तपासले. बरोबर आहेत. लस खराब होती? तीही नाही. मग?

९ जून
शेवटी तिथल्या सिस्टरना फोन लावला. आधी आढेवेढे. मग म्हणाल्या, "मॅडम, एका बाटलीत दहा मुलांची लस. उघडली की उरलेली त्याच दिवशी फेकायची. दोनच मुलं आली तर बाकीची नासाडी माझ्या नावावर! म्हणून दहा जमेपर्यंत उघडतच नाही. आलेल्या बायांना सांगते, पुढच्या आठवड्यात या."

"आणि येतात?"

"कुठल्या येतात! काम बुडवून किती खेपा घालणार बाया?"

म्हणजे मुलं परत पाठवल्याबद्दल मी शाबासकी देत होते! रागावू तरी कुणावर? त्यांच्यावर? स्वतःवर? फोन ठेवता ठेवता बोलून गेले, "सिस्टर, एकासाठीसुद्धा उघडा. नासाडीचं मी बघते." कशी बघणार, देव जाणे.

१० जून
ह्यांना सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाले, "मग बदल ना नियम." जसा काही तो माझ्या पदराला बांधलाय! आणि बदललाच, सगळेच बाटल्या उघडत सुटले, तर लस वर्षभर पुरेल? की पोलिओचे पैसे इकडे ओढायचे? म्हणजे एकीचं पोर वाचवायला दुसरीचं... मला काही म्हणजे काही सुचत नाही. भाजी मात्र छान झाली होती.

१७ जून
साहेबांपुढे विषय काढला. "पुढच्या वर्षी बघू." मी मान डोलावली. का डोलावली?

२ जुलै
नासाडीच्या यादीत सिस्टरचं केंद्र सगळ्यात वर! म्हणजे मुलांना लस मिळतेय. खूश व्हावं की घाबरावं? नियमाप्रमाणे त्यांचा लसीचा पुढचा हप्ता निम्मा. कागद समोर आला. सही केली.

२१ जुलै
सिस्टरचा फोन. "मॅडम, इथे आता कुणाला परत पाठवत नाहीत, असं सगळीकडे पसरलंय. आज दारात रांग लागलीय. आणि लस संपलीय. काय सांगू बायांना?"