प्रेसखालचं दांडकं

लीडबाई,

चाचणीसाठी हाताऐवजी पत्रा दाबायच्या प्रेसखाली ठेवलेलं लाकडी दांडकं कडाडून मोडलं, त्या क्षणी माझं डोकं फिरलं. हात आत आला की प्रेसनं जागीच थांबायचं, त्यासाठीच आपलं सॉफ्टवेअर. वेग वाढावा म्हणून ती तपासणी मीच ढिली केली होती. मुदतीत काम झालं की साहेब तुला डोक्यावर घेतील, एवढंच माझ्या मनात होतं.

टीममधल्या कुणीही ‘थांबा’ म्हटलं की काम थांबवायचं, हा नियम तुझा. दांडक्याचे तुकडे उचलत टेस्टर म्हणाला, "थांबा. भडक्या, तुझं कॉलेज अर्धवट, काम पण अर्धवट!" मी कीबोर्ड त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात टेबलावर पडला.

तू त्याला रुमाल दिलास आणि माझ्याकडे वळलीस. "भडक्या, तुझा हात ठेवतोस प्रेसखाली? ठेव, आत्ता पाठवते हे सॉफ्टवेअर कारखान्यात."

तुझ्यासाठी जीव देईन म्हणणाऱ्या मी हात खिशात घातला.

"मग थांबलं काम," म्हणालीस.

त्याला मारल्याचं अजून वाईट वाटत नाही. तू बरोबर होतीस, याचाच संताप येतो. हे पत्र फाडून निघतोय. दार आपटणारच आहे; पण आधी चौकटीत कुणाचं बोट नाही ना, तेवढं बघेन.

अजूनही तुझाच,
भडक्या