मानाच्या वहीतली सही

४ मार्च २०१९

ती. डॅडी,

लॉर्नाचा सा. न. तुमच्याआधी हे पत्र उघडून वाचणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांनाही नमस्कार.

परवा आमच्या कॉलेजातल्या प्रुइट मॅडमनी बोलावलं, तर मला वाटलं काहीतरी चुकलं. गुन्हे आणि न्याय शिकणाऱ्या हुशार मुलांचं एक मानाचं मंडळ असतं, त्यात मला घेतलंय. सबंध कॉलेजातून सातच जण. मेणबत्ती हातात घेऊन शपथ, मग एका जाडजूड वहीत सही. त्या वहीत पंचेचाळीस वर्षांची नावं आहेत. हात लावायलाही मी बिचकले.

पण सहीआधी आपण कुणामुळे या वाटेला आलो, ते नाव मोठ्याने सांगायचं असतं. बाकीच्यांचे वडील पोलीस, आजोबा जज्ज. आणि मी पहिल्या वर्षीच सगळ्यांना सांगून बसलेय की माझे वडील वारले. राग आला ना? यायलाच हवा. ज्यांच्या कचेरीत मला उन्हाळ्याची नोकरी मिळणार, ते जिल्ह्याच्या पोलिसांचे प्रमुख, शेरीफही समोर असतील. रीबा आत्या म्हणते, माझं नाव घे आणि मोकळी हो. तुम्ही सांगाल ते करीन.

लोभ आहे, तो राहू द्या.

तुमची लॉर्ना

११ मार्च

चि. लॉर्नास पोटभर आशीर्वाद.

पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. शेजारच्या पलंगावरच्या हॉलिसला दाखवलं. म्हणतो, आपल्यासारख्यांचा अभ्यास करून हिला मान मिळतोय, तर त्यात आपला वाटा किती? बावळट आहे. पण पत्र त्यानेही दोन्ही हातांनी धरलं होतं.

आपल्या टॅकेट घराण्याचं नाव आजवर पोलिसांच्याच वहीत चढलं, आणि ते मी चढवलं. आता ते शपथेच्या वहीत जाणार. माझी तर मतीच गुंग झालीय, पोरी.

रागावलो नाही. मेलेला बाप बरा, त्याची कुणी चौकशी करत नाही. मला तसाच राहू दे. औषधाच्या दुकानात बंदूक घेऊन मी शिरलो होतो, तू नाही. रीबाने तुला वाढवलं, तिचंच नाव घे. हट्ट करू नकोस.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती काय लिहायची.

डॅडी

२९ मार्च

ती. डॅडी,

सा. न. तुमचं ऐकलं नाही.

काल चार वाजता दिवे मालवले आणि आम्ही सातजण मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो. समोर सभागृह भरलेलं. मेण बोटांवर गळत होतं, तेही कळलं नाही. आत्याचं नाव ओठांवर होतं. पण ती वही समोर उघडली आणि तिच्यापुढे मला खोटं बोलवेना.

म्हटलं, माझे वडील व्हर्नन टॅकेट. मी ते वारल्याचं सांगत आले, ते खोटं होतं. ते बारा वर्षं तुरुंगात आहेत. दर भेटीनंतर त्यांना आत सोडून घरी येताना मला जे प्रश्न पडायचे, त्यांच्यासाठी मी हे शिकतेय.

मॅडमनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. शेरीफ केक न खाताच गेले, तेव्हा नोकरीचं काही खरं नाही. आत्या रडली, आणि रडता रडता तिने केकचे दोन तुकडे संपवले.

रागवा, पण पत्र लिहा.

लॉर्ना

५ एप्रिल

चि. लॉर्ना,

हट्टी ती हट्टीच. नोकरी घालवून बसलीस. दुसरी शोध, रडत बसू नकोस.

इथे रोज चारला गणती असते. पलंगाशी उभं राहायचं, नंबर पुकारला की हजर म्हणायचं. तू भरल्या सभागृहात माझं नाव घेत होतीस, तेव्हा मीही उभाच होतो. मला पत्ताच नव्हता.

आज गणतीला नंबर पुकारला, तर हजर म्हणायच्या ऐवजी मी माझं नावच सांगून बसलो. साहेबांनी विचारलं, बरं नाही का. म्हटलं, साहेब, मुलीने मला परत आणलंय, सवय व्हायला वेळ लागेल.

ऐकलं नाहीस ते बरं केलंस.

तुझा जिवंत बाप,
व्हर्नन टॅकेट