सुरुची तिकडे सुखरूप आहे

१५ सप्टेंबर
आज मी परदेशी पोचले. म्हणजे विश्रांतवाडीत, शालूमावशीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. मावशी लेकाकडे बेंगळुरूला आहे. माझा व्हिसा नाकारला गेला, पण तोवर बाबांनी खडकीच्या आमच्या क्वार्टर्सच्या गेटवर फ्लेक्स लावला होता : कु. सुरुची हिला इंग्लंड येथे उच्च शिक्षणासाठी हार्दिक शुभेच्छा. खाली शुभेच्छुक म्हणून अकरा अनोळखी चेहरे. फ्लेक्स उतरवण्यापेक्षा मुलगी लपवणं सोपं, असं घरात ठरलं. विद्यापीठाने पहिलं सत्र ऑनलाइन करायची परवानगी दिली आहे. जानेवारीत पुन्हा अर्ज करायचा, तोपर्यंत घरापासून पाच-सहा किलोमीटरवर मी 'तिकडे' राहणार. मी मजेत आहे. कॉलनीतल्या बायकांनी निरोपाला दिलेले लाडू आहेत आणि त्या बायका नाहीत. याहून चांगलं परदेशगमन कुठलं?

२२ सप्टेंबर
तास दुपारी अडीचला सुरू होतात. विषय शहरनियोजन. खिडकीतून आळंदी रोडचा ट्रॅफिक बघत आदर्श चौक कसा असावा हे शिकते आहे. प्राध्यापिका हॅलमबाई प्रत्येक वाक्यानंतर हसतात, कशाला ते त्यांनाच ठाऊक. वर्गातली बाकीची मुलं तिथे हॉलमध्ये बसतात. स्क्रीनवरून मी एकटीच. बावळट प्रश्न विचारायची त्यांच्यात चढाओढ असते. मी कॅमेरा बंद ठेवते. या लोकांसाठी केस कोण विंचरणार?

खालचा वॉचमन कचरू रोज विचारतो, "ताई, जेवलात का?" मी उत्तर देत नाही. एकदा दिलं की रोज द्यावं लागतं.

२९ सप्टेंबर
घरच्या ग्रुपवर माझा फोटो आला. लाल कोट घालून मी विद्यापीठाच्या लायब्ररीपुढे उभी. खाली आत्या-काकूंचे चाळीस अंगठे. बाबांनी लक्ष्मी रोडच्या कुठल्यातरी स्टुडिओतून जोडकाम करून आणलेलं दिसतंय. माझ्या चेहऱ्यावर इतकं गोड हसू चिकटवलंय की शोभत नाही. फोन करून म्हटलं, निदान खरा वाटेल असा तरी करायचा. बाबा गोंधळले. म्हणाले, अगं, तूच तर पाठवलास सकाळी.

खोटं बोलायची इतकी सवय झाली की माणूस माझ्याशीही खोटं बोलतो.

३ ऑक्टोबर
हॅलमबाईंनी तास सुरू करताना माझे आभार मानले. काल त्यांच्या खोलीत येऊन मी फार छान चर्चा केली म्हणे. इतकी नम्र विद्यार्थिनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती, असंही म्हणाल्या. बाईंना दोन भारतीय मुलींमधला फरक कळत नाही. मी मेल लिहिला, चांगला बोचरा.

उत्तर आलं : तुम्ही वर्गात हजर असता, मग ऑनलाइन लिंक कशाला वापरता?

७ ऑक्टोबर
आज हॉलमधला कॅमेरा मुलांच्या बाजूला वळवला होता. तिसऱ्या रांगेत लाल कोट. माझी वेणी. लिहिताना मी मान डावीकडे कलती करते, तशीच कललेली.

मी माझा कॅमेरा सुरू केला. माइकवर म्हटलं, ही मी नाही, मी इथे आहे. कुणालाच ऐकू गेलं नाही. फक्त ती वळली.

कचरूकडे मी जशी बघते, तशी माझ्याकडे बघितली. मग तास होईपर्यंत पुन्हा वळली नाही.

९ ऑक्टोबर
लॉगिन चालत नाही. ग्रुपमधून मला काढलंय. आईला फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"आई, मी सुरुची."

"हा तिचा जुना नंबर, तिने बंद केलाय. आत्ताच बोलले मी तिच्याशी. दिवाळीला चार दिवस येतेय." मग आपलीच असल्यासारखं मोकळेपणाने सांगत बसली, की तिकडे गेल्यापासून पोरगी किती बदललीय, बाबांची रोज चौकशी करते, पूर्वी बोलली की घायाळ व्हायचं माणूस.

मी खूप रडले. तेही आई ऐकत होती. म्हणाली, रडू नका, राँग नंबर लागतो कधी कधी.

११ ऑक्टोबर
खडकीला गेले. भर दुपारी. दार आईनेच उघडलं. चकलीच्या पिठाचे हात. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि —

"कोण हवंय आपल्याला?"

आपल्याला. मला. आई मला आपण म्हणाली.

लहानपणची खूण सांगितली, कोपरावरच्या भाजल्याची. बाही वर केली. कोपर गुळगुळीत. काहीच नाही तिथे.

आई घाबरली. दार लावलं. आतून बाबांना हाक मारली.

परत आले तर गेटवर कचरू. आडवा झाला. "तिसरा मजला तर बंदच हाय. कुणाकडं जायचंय?" रोज जेवण विचारणारा माणूस. मी म्हटलं, दादा, मी जेवले नाहीये. त्याला काही कळलं नाही. डिलिव्हरीवाल्याच्या मागून आत शिरले.

१३ ऑक्टोबर
आरशात आहे. अजून आहे. हात लावून पाहिला.

सगळ्यांची माफी मागायची असं ठरवलंय. कॉलनीतल्या बायकांचीसुद्धा. पण कुणाला फोन लागेल तर —

१४ ऑक्टोबर
खाली रिक्षा थांबली. मावशी दिवाळीला येणार म्हणून फ्लॅट झाडायला आलेत. कचरू सांगतोय, वर कुणी नाही, ताई, बिनधास्त जा.

जिन्यावर पावलं. तिघांची.

हाक मारली. आवाज निघत नाही. पेन चालतंय अजून. शाई फिकट —

कुलपात किल्ली. आईचा आवाज. बाबांचा. आणि माझा