गवत उभं पाहिजे

६ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आता आयुष्याला शिस्त हवी. पाचला उठणार होतो. उठलो सातला, पण पहिला दिवस ट्रायलचा धरतात.
मोठी बातमी. वॉर्ड ऑफिसने टेकड्यांसाठी वणवा प्रतिबंधक निधी काढलाय. उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटतं आणि झाडं जातात, म्हणून झाडांभोवतीचं गवत आधीच कापून मोकळा पट्टा ठेवायचा. त्याला जाळरेषा म्हणतात. तळवलीमागची आपली टेकडी यात यायलाच हवी. टेकडी मित्र मंडळाचा अध्यक्ष मीच. मंडळात चौघं: मी, उज्वला म्हणजे आमची मंडळी, खालच्या मजल्यावरचा जयप्रकाश आणि त्याचा मेहुणा. मेहुणा हल्ली उलव्याला असतो, पण सहीला येतो.

९ ऑक्टोबर
अर्ज दिला. मंडळाने सात वर्षांत टेकडीवर तीसेक झाडं जगवली असं लिहिलं. उज्वला म्हणाली, पाणी मी घातलं. मी म्हटलं, मंडळ म्हणजे आपणच की.
तिचा सगळा जीव त्यातल्या बहाव्यात. कोरेगावकडे तिच्या माहेरच्या विहिरीवर मोठा बहावा होता. आईने त्याची एक शेंग दिली, तिच्या बियांतून हे एकच रोप आलं. पुढे रस्ता रुंद झाला, तो बहावा तोडला. मग आईही गेली. इथला अजून एकदाही फुललेला नाही. यंदा चैत्रात फुलणार म्हणते. हे अर्जात घातलं नाही. टेक्निकल नाही.

२४ ऑक्टोबर
प्रस्ताव तत्त्वतः मान्य! वॉर्ड ऑफिसच्या नंदकिशोर साहेबांनी स्वतः चहा मागवला (आला नाही, पण मागवला). अट एकच. स्थळपाहणीच्या दिवशी गवत उभं दिसलं पाहिजे. कापलेल्या जागेला निधी कशाला, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. सिस्टीम अशी विचार करणारी असली की काम करायला मजा येते.
पाहणी पंधरा दिवसांत.

२७ ऑक्टोबर
तळवलीचा शिवराम विळा घेऊन टेकडीवर हजर. दरवर्षी दिवाळी झाली की हा त्याच्या म्हशींसाठी गवत न्यायला सुरुवात करतो. नाताळपर्यंत आमची बाजू साफ. आजवर आमच्या बाजूला वणवा लागला नाही याचं श्रेय अर्थात मंडळाच्या जनजागृतीला. (दोन वर्षांपूर्वी मी व्हॉट्सअॅपवर एक लेख टाकला होता.)
शिवरामला समजावलं, पाहणी होईपर्यंत गवताला हात लावायचा नाही, सरकारी फोटो व्हायचाय. त्याने शांतपणे विचारलं, “मंग म्हशीला काय फोटू खावाला घालू?”
गावकऱ्यांना प्रोसीजर कळत नाही. शेवटी पोलिसांचं नाव काढलं तेव्हा गेला. थोडं वाईट वाटलं. पण लीडरशिप म्हणजे हेच.

१४ नोव्हेंबर
साहेब ट्रेनिंगला. पाहणी पुढच्या आठवड्यात.
गवत कमरेएवढं आणि अगदी एकसारखं. फोटो उत्तम येईल. रोज सकाळी पहारा द्यायला जाणार होतो. उद्यापासून.

२ डिसेंबर
बोर्ड रंगवून आणला. ‘वणवामुक्त टेकडी. अध्यक्ष: श्री. सयाजीराव घोरपडे.’ पेंटर म्हणाला ‘वणवामुक्त’ मोठं काढू का तुमचं नाव. मी म्हटलं दोन्ही. आता बोर्ड हॉलमध्ये सोफ्यामागे. उद्घाटनाचं भाषणही सुरू केलंय. पहिलं वाक्य झालं: ‘झाड म्हणजे काय?’ पुढचं सुचायचंय.

१० डिसेंबर
घरात वाद. उज्वलाचं म्हणणं, गवत वाळलं, निदान बहाव्याभोवती तरी कापू द्या. चार हात जागा. मी समजावलं, साहेबांना मधोमध कापलेला गोल दिसला तर ते म्हणणार, इथे काम झालंय. एका झाडासाठी सगळ्या टेकडीचा निधी घालवायचा का? ती म्हणाली, “आणि काय झालं तर?” मी म्हटलं, जबाबदारी माझी.
तिने विळा परत माळ्यावर ठेवला. समजूतदार आहे. मी नीट सांगितलं की ऐकते.

१७ डिसेंबर
आचारसंहिता लागली. निवडणूक होईपर्यंत पाहणी नाही, कापणी नाही, उद्घाटन नाही. जयप्रकाश म्हणाला, गवताला सांगितलं का आचारसंहिता आहे म्हणून. या माणसाला मंडळातून काढायचा विचार आहे. पण मग कोरम राहत नाही.

४ जानेवारी
उज्वलाचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी चढ बंद केला. टेकडीवरच्या पाण्याचं काय, हा प्रश्न. मी तत्काळ जाहीर केलं: रोज दोन बाटल्या मी नेणार. तिने बाटल्या धुऊन, भरून, पिशवीत घालून दिल्या. आणि बहाव्याला पाणी घालताना बुंध्यापासून जरा लांब ओता, असं तीनदा सांगितलं.

५ जानेवारी
नेल्या.

६ जानेवारी
अर्ध्या वाटेपर्यंत गेलो. वाटेवरच्या कडुनिंबाला घातलं. तेही झाडच.

७ जानेवारी
दम लागतो. प्यायलो. अध्यक्षाची तब्येत हाही टेकडीचाच प्रश्न आहे. उज्वलाने विचारलं, बहावा कसा आहे? मी म्हटलं, मस्त.

२९ जानेवारी
निवडणूक संपली, आता सुसाट. पाहणी सोमवारी नक्की.

३ फेब्रुवारी
सोमवारी साहेबांकडे गाडी नव्हती. शुक्रवारी नक्की. भाषणाचं दुसरं वाक्य: ‘झाड म्हणजे सर्व काही.’ आता शेवट तेवढा राहिलाय.

७ फेब्रुवारी
शुक्रवारी गाडी होती, साहेब नव्हते.

१९ फेब्रुवारी
आज बऱ्याच दिवसांनी वरपर्यंत गेलो. गवत पिवळंधमक, चालताना कुरकुर वाजतं. दोन पोरं बसून सिगारेट ओढत होती. मी त्यांना बोर्डाबद्दल सांगितलं. बोर्ड घरी आहे, तरी सांगितलं.
बहाव्याची पानं बरीच गळलीत. झाडं पानं गाळतातच. घरी सांगितलं, मस्त.

५ मार्च
गावात शिवराम भेटला. दोन म्हशी विकल्या म्हणाला. विकत घेतलेला पेंढा परवडेना. मी म्हटलं, पाहणी झाली की सगळं गवत तुझंच. तो हसला. चांगला माणूस आहे, राग धरत नाही.

११ मार्च, दुपार, वॉर्ड ऑफिस
हे बाकावर बसून लिहितोय. आज ठरवूनच आलोय, तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. खिडकीतून तळवलीच्या बाजूला धूर दिसतोय. शेजारच्या बाकावरचा म्हणाला आग असेल. मी म्हटलं, दगडखाणीची धूळ असते तिकडे. मी त्या भागातला जाणकार आहे.
जयप्रकाशचा फोन. टेकडी पेटली म्हणतोय. फायर ब्रिगेडची गाडी पायथ्याशी आली, पण वर जायला रस्ताच नाही. उज्वला वर गेलीय म्हणाला. तिचा गुडघा. तिला थांबव म्हटलं. तो म्हणाला, तुम्हीच या ना.
पण माझ्यापुढे आता एकच माणूस आहे. इतक्या महिन्यांनी नंबर लागतोय. मी जाऊन आग विझणार आहे का? पाचच मिनिटं.

११ मार्च, संध्याकाळ
तारीख मिळाली. वीस मार्च, लेखी, शिक्क्यासह.
घरी आलो तर दार उघडं, उज्वला जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली. साडीचा काठ करपलेला, हात काळे. शिवराम आणि ती ओली गोणपाटं घेऊन झोडपत होते म्हणे. वारा होता. गवत होतं. शिवरामने तिला हाताला धरून खाली आणलं.
शिक्क्याचा कागद खिशातच ठेवला. बाटली भरून पाणी आणून दिलं. ती प्यायली नाही. बाटलीकडे बघत होती.

१३ मार्च
टेकडी बघून आलो. काय लिहू. पायाखाली राख, मधे मधे काळ्या काठ्या. बहावा ओळखू आला तो त्याच्याभोवती तिने रचलेल्या दगडांमुळे. तिथे उभा राहिलो आणि रडू आलं. कोणी नव्हतं, म्हणून बराच वेळ.
मग विचार केला, आग कोणी लावली हे तपासलं पाहिजे. कडक पत्र लिहायचं ठरवलं. पत्र सुचलं, उद्या लिहीन.

२० मार्च
पाहणी झाली. साहेब वेळेवर आले. पायथ्याशीच गाडीतून उतरले, वर बघितलं, फोटो काढला. शेरा लिहिला: ‘जागेवर गवत आढळून आले नाही. कामाची आवश्यकता नाही.’ मी म्हटलं, साहेब, जळलं ना. ते म्हणाले, “तेच लिहिलंय की.”
निधी उड्डाणपुलाच्या खांबांवर जंगलाची चित्रं काढायला वळवणार आहेत. मार्चअखेर आहे, पैसे परत गेले तर वाया.

८ एप्रिल
उज्वला रोज टेकडीवर जाते. डॉक्टरांचं ऐकत नाही. काठी घेऊन, बसत बसत. बहाव्याची साल नखाने खरवडून बघते. आत हिरवं लागलं तर झाड जिवंत असतं. रोज थोडं वर, थोडं खाली खरवडते. मी बाटल्या नेतो म्हटलं. ती म्हणाली, “नको. तुम्ही नेलेल्या बघितल्यात.” कडुनिंबाखाली मी एक बाटली विसरलो होतो.

२६ एप्रिल
घणसोलीत रस्त्याकडेचे बहावे फुललेत. सगळीकडे पिवळं. भाजी आणायला दोघं निघालो होतो. उज्वला मान खाली घालून चालली. मी बोलायला विषय शोधत होतो, भेंडीचा भाव तेवढा सुचला.

१५ मे
आज ती टेकडीवर गेली नाही. काल बुंध्याशी उकरलं, मूळही कोरडं म्हणाली. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. मी म्हटलं, लागतील की. ती म्हणाली, कशाला?
जयप्रकाशच्या मेहुण्याने बोर्ड मागितला, उलव्यात गॅलरीला पत्रा हवाय म्हणून. दिला.

२८ मे
ऑफिसचा फोन होता, पुढच्या वर्षीची योजना सुरू झालीय. यंदा पहिला अर्ज आपलाच. पाऊस पडला की गवत येईलच, आणि शिवराम आता येणार नाही, शेवटची म्हैसही त्याने विकली. म्हणजे उभं राहील.
अर्ज भरायला बसलो. ‘जागेवरील झाडांची संख्या’ इथे अडलो. उज्वला तांदूळ निवडत होती. तिला विचारलं, काय लिहू?
मान वर न करता म्हणाली, “गवत आहे म्हणून लिहा. तेवढंच.”
लिहिलं.